महापौर मुख्य सभेत दिसू द्या

महोदय,

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की वर्तमानपत्रांतून एकच चर्चा सुरू होते: आता होणारे महापौर पुढे विधानसभा लढवणार की लोकसभा? गेल्या काही वर्षांत पुण्यात तसे घडलेही आहे. मुक्ता टिळक 2017 मध्ये भाजपच्या पहिल्या महापौर झाल्या आणि 2019 मध्ये कसब्यातून आमदार. त्यांच्यानंतर महापौर झालेले मुरलीधर मोहोळ 2024 मध्ये खासदार आणि लगेच केंद्रात राज्यमंत्री झाले. त्यामुळे बातमीदारांना हा प्रश्न पडतो यात नवल नाही. पण या दोघांनी महापौर म्हणून मुख्य सभा, म्हणजे महापालिकेतल्या सर्व नगरसेवकांची सभा, कशी चालवली, हे आज आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मलाही नीट सांगता येणार नाही, आणि याचेच मला वाईट वाटते.

मी 32 वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. ‘महापौर म्हणजे शहराचा प्रथम नागरिक’ हे वाक्य मुले पाठ करायची आणि मग हमखास विचारायची, “बाई, पण ते करतात काय?” प्रश्न रास्त होता. आपल्याकडे प्रशासनाचा कारभार आयुक्तांकडे आणि खर्चाच्या मंजुरीची किल्ली स्थायी समितीकडे. अंदाजपत्रकसुद्धा आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतात आणि समितीचे अध्यक्ष मुख्य सभेत मांडतात. महापौराची मुदत अडीच वर्षांची, पुढच्या वेळी आरक्षण बदलले की तीच व्यक्ती पुन्हा येण्याची शक्यता फारशी नाही. महापौराच्या हाती खरी उरते ती मुख्य सभा. कोणाला बोलू द्यायचे, प्रशासनाकडून उत्तर घेतल्याशिवाय पुढे जायचे की नाही, सभा चालवायची की तहकूब करायची, मते समसमान पडली तर निर्णायक मत कुठे टाकायचे, हे महापौर ठरवतात. सभा तहकूब झाली की त्या दिवशी विषयपत्रिकेवर असलेला पाण्याचा किंवा कचऱ्याचा प्रश्नही पुढे ढकलला जातो. महापौराचे काम पाहायचे तर इथेच पाहायला हवे.

मला या संदर्भात भाई वैद्यांची फार आठवण येते. 1974-75 मध्ये ते पुण्याचे महापौर होते. त्याच काळात आणीबाणी आली, ते विरोधात उभे राहिले आणि 19 महिने तुरुंगात राहिले. महापौराची झूल सांभाळून गप्प बसणे त्यांना जमले असते, पण ते त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे 1978 मध्ये ते महाराष्ट्राचे गृहराज्यमंत्री झाले, तेव्हा तस्करांनी देऊ केलेली तीन लाखांची लाच त्यांनी पोलिसांकरवी रंगेहाथ पकडून दिली. पोलिसांची अर्धी चड्डी जाऊन फुलपँट आली तीही त्यांच्याच काळात. मंत्रिपद गेल्यावरही ते थांबले नाहीत. केजी ते पीजी शिक्षण सर्वांना मोफत आणि समान मिळावे म्हणून ते अगदी म्हातारपणापर्यंत सभा घेत फिरले. 2018 मध्ये ते गेले तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. त्यांची कारकीर्द सांगताना ‘महापौर, मग मंत्री’ एवढेच लिहिले तर काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

वंदना चव्हाण यांचेही तसेच. 1997-98 मध्ये त्या महापौर होत्या, नंतर दोनदा राज्यसभेवर गेल्या. पण महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर बांधकाम होऊ नये, तिथे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण राहावे, यासाठी त्या किती वर्षे भांडल्या! टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी तरी ते विसरू नये.

मार्च 2022 पासून, 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर नवे महापौर निवडले जाईपर्यंत पुण्याला महापौरच नव्हता, सगळे प्रशासकांच्या हाती होते. आमच्या सोसायटीत त्या काळात कोणाकडे जायचे हेच कळेनासे झाले होते. कामाचे सोडा, आपले म्हणणे जिथे चारचौघांत मांडले जाईल अशी जागाच उरली नव्हती. ती जागा आता परत मिळाली आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझी विनंती एवढीच: कायद्याप्रमाणे मुख्य सभा दर महिन्याला व्हावी लागते. तिचा वृत्तांत आपण नियमाने, ठरलेल्या जागी छापावा. सभा किती वेळ चालली, किती नगरसेवक हजर होते, तहकूब झाली असेल तर कोणत्या कारणाने, किती लेखी प्रश्नांना उत्तरे मिळाली आणि महापौरांनी प्रशासनाला कोणते आदेश दिले. महिनाभरानंतर त्या आदेशांचे काय झाले, तेही. चौकट लहान असली तरी चालेल. पुढच्या सभेपासून सुरुवात करता आली तर फार बरे होईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे