डिसेंबरात येत नाहीये, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिकीट फेब्रुवारीचं काढलं आहे. दादाच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा एव्हाना कळलं असेलच. तरी फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा नीट लिहावं म्हटलं.

नाताळात आले असते तर कसाबसा आठवडा हाती लागला असता, त्यातला निम्मा डुलक्या काढण्यात आणि उरलेला नातेवाइकांकडे चहा पिण्यात गेला असता. फेब्रुवारीत निवांत राहता येईल. तिकीटही पुष्कळ स्वस्त पडलं. शिवाय बाबांचा गुडघा तोवर मोकळा झालेला असेल, म्हणजे हरिपूरला तरी जाऊन येता येईल. शिवाय ऑफिसात वर्षअखेरीचं काम. आई, तू आता म्हणशील, "इतकी कारणं देते आहे म्हणजे खरं कारण वेगळंच आहे." आहे. इथला रोटरी क्लब.

बाबा, तुमचा क्लब संध्याकाळी भरायचा, बटाटेवडा आणि कॉफीवर. आमचा दर गुरुवारी सकाळी सातला, नाश्त्यावर, कारण आठला सगळ्यांना कामावर पोचायचं असतं. मिशिगनचा हा पश्चिमेकडचा भाग टाइम झोनच्या पार कडेला आहे, त्यामुळे डिसेंबरात सूर्यच आठनंतर उगवतो. सहाला उठून अंधारात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि निघायचं. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेचार-पाच. म्हणजे मी स्वेटरवर स्वेटर चढवत असते तेव्हा तुम्ही गॅलरीत चहा पीत असता, हे माझ्या डोक्यात दर गुरुवारी येतं.

खाण्याचं विचारशील, म्हणून सांगते. अंड्याची भुर्जी, बेकन, किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत थर, ओटमील, फळं. मार्गशीर्षातले गुरुवार मी विसरलेले नाही. आतापर्यंतच्या प्रत्येक गुरुवारी अंडं-बेकन टाळून ओटमील आणि केळं घेतलं. उपास नाही, पण तेवढं तरी. टेबलावर विचारतात, तब्येत बरी ना? मी म्हणते, लक्ष्मीचा वार आहे. आता त्यांनाही पाठ झालंय. परवा एका बाईंनी बेकनचं ताट माझ्यापुढून आपणहून उचललं. कॉर्नफ्लेक्सही असतात. बाबा ज्यांना पुठ्ठ्याचे तुकडे म्हणतात ते, आणि केलॉगचं ते बॅटल क्रीक इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे इथं त्यांची निंदा करायची सोय नाही.

मीटिंग मात्र तुमचीच, बाबा. घंटा तीच आणि चार प्रश्नही तेच. हे खरं आहे का? सर्वांना न्याय्य आहे का? याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का? सर्वांच्या हिताचं आहे का? शिकागोच्या एका बुडत्या कंपनीसाठी हर्बर्ट टेलरनं 1932 मध्ये लिहिलेले हे प्रश्न तुम्ही आम्हांला जेवणाच्या ताटावर विचारायचात, देशपांड्यांच्या खिडकीची काच कुणी फोडली यावरून. दादा पहिल्याच प्रश्नाला रडायचा. मी अजूनही ते म्हणताना ताठ बसते.

आणि आई, तू इतकी वर्षं "रोटरी अ‍ॅन", म्हणजे सभासदाची बायको, म्हणून वड्याचं पीठ भिजवलंस, छातीवर पिन मात्र बाबांच्या. अमेरिकेतसुद्धा बायकांना सभासद करून घ्यायला 1987 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. आता आमच्या क्लबात निम्म्या बायका आहेत. तू इथे असतीस तर केव्हाच प्रेसिडेंट झाली असतीस आणि सगळ्यांना वेळेवर घरी पाठवलं असतंस.

या गुरुवारी नाताळाआधीची शेवटची मीटिंग झाली. बेसूर का होईना, सगळ्यांनी कॅरोल म्हटले. प्रत्येकानं घरून काहीतरी गोड आणायचं होतं. मी शंकरपाळे नेले, तुझ्याच मापानं, वाटीभर तूप, वाटीभर दूध, वाटीभर साखर, आणि मैदा मावेल तेवढा. आच थोडी मोठी राहिली म्हणून कडा लालसर झाल्या, पण डबा सगळ्यांत आधी रिकामा झाला. मग हॅपी डॉलर. टोपलीत एक डॉलर टाकायचा आणि आनंदाची बातमी सांगायची. कुणाला नातू झाला, कुणाचा कुत्रा सापडला. मी म्हटलं, माझे बाबा काठी न घेता स्वयंपाकघरापर्यंत चालले. टाळ्या पडल्या, बाबा, तुमच्यासाठी.

आता ज्यांना मी गाडीतून नेते त्यांच्याबद्दल. फोनवर ओझरतं सांगितलं होतं. क्लबातले सगळ्यांत जुने सभासद, वय ऐंशीच्या पुढे, शाळेत सुतारकाम शिकवायचे. 1952 च्या उन्हाळ्यात त्यांना पोलिओ झाला. अमेरिकेतलं पोलिओचं ते सर्वांत वाईट वर्ष. साल्कची लस परिणामकारक आहे हे जाहीर झालं 12 एप्रिल 1955 ला, तेही इथून दीड-दोन तासांवरच्या अ‍ॅन आर्बरमध्ये. तीन वर्षांनी हुकलं. गाडीत बसताना ते आधी टेकतात, मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतात आणि गुडघ्याशी कॅलिपरची, म्हणजे पायाला बांधलेल्या आधाराची, कडी खट्‌कन सोडतात. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला आणि मला आत्या जिन्यावर आल्यासारखी वाटली.

मी भारतातली म्हटल्यावर ते म्हणाले, "तुम्ही लोकांनी तो संपवलात." तारीख त्यांना माझ्यापेक्षा पक्की ठाऊक होती. 13 जानेवारी 2011, हावडा, शेवटचा रुग्ण. मग मी त्यांना तुमच्या बूथबद्दल सांगितलं. 1995 च्या डिसेंबरात पहिल्यांदा देशभर डोस पाजले तेव्हा बालवाडीच्या ओट्यावर मांडलेलं टेबल, बर्फाचा डबा, आणि पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावायचं मला मिळालेलं काम. आत्या दिवसभर खुर्ची टाकून शेजारी बसली होती आणि जी आई कां-कूं करेल तिला नुसता आपला पाय दाखवत होती. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार कळव. तेव्हा कळवते आहे.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी क्लब गरजू घरांना सामानाच्या टोपल्या पोचवतो. शाळांकडून घरांची यादी येते. पीठ, बटाटे, हॅम, संत्री, मुलांना मोजे-टोप्या. यंदा ते माझ्याकडे आहे. सुट्टीत जो तो आपापल्या मुलांकडे जातो, मागे राहणारं कुणीतरी लागतं, आणि दर वर्षी मी भारतात पळते म्हणून दुसरं कुणीतरी थांबतं. मधल्या वेळात साल्व्हेशन आर्मी या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी दुकानाच्या दारात देणगीच्या लाल भांड्यापाशी घंटाही वाजवायची आहे. आई, कपाळाला हात लावू नकोस. इथे बँकेचे मॅनेजरसुद्धा वाजवतात.

तुम्ही तोंडानं म्हणणार नाही, पण मनात येईलच की लोकांच्या वडिलांना नाश्त्याला न्यायला हिला वेळ आहे. माझ्याही मनात येतं, गाडी चालवतानाच येतं. त्यांचा मुलगा सिअ‍ॅटलला असतो. बर्फ पडला की त्याचा मेसेज येतो, बाबांनी काठी घेतली का? बुटांखाली खिळ्यांचे पट्टे लावले का? मी फोटो पाठवते. तो मला कधी भेटलेला नाही, पण त्याची काळजी मला शब्द न्‌ शब्द कळते.

म्हणून मी एक केलं आहे, आणि ते झालेलं आहे, तेव्हा बाबा, रागावू नका. वकीलकाकांना फोन केला. ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही क्लबात पाऊल ठेवलेलं नाही. कारण गुडघा नाही, कारण काठी, हे मला आणि आईला ठाऊक आहे, तुम्ही ते कबूल केलं नाहीत तरी चालेल. पुढच्या मीटिंगपासून वकीलकाका गाडी घेऊन फाटकाशी येतील. ते म्हणाले, "अगं, मीच विचारणार होतो, पण तो तोडून टाकेल म्हणून भीती वाटली." बघा, भीती कुणाला वाटते ती.

आता ऐका. पुढची सीट आधी पूर्ण मागे सरकवायला सांगायची, आधी बसायचं, मग पाय आत. काठी मागच्या डिकीत टाकायची नाही, हातात ठेवायची. वडा एकच. साखर तपासायची तारीख टळून गेली आहे, ती या आठवड्यात. आमच्या टेबलावर स्ट्रायकरमधले एकजण असतात, सांधे बदलणारी ती कंपनी इथलीच, कालामझूची; ते म्हणतात, चालवला नाही तर उत्तमातला उत्तम गुडघाही आखडतो. तेव्हा फिजिओवाल्याला परत बोलवा, पैसे मी दादाकडे दिले आहेत. बाथरूममध्ये धरायचा दांडा शनिवारी बसेल, माणूस दहाला येईल, त्याला परत पाठवू नका. गिझर दुरुस्त करणाराही त्याच्याबरोबर येतो आहे.

आई, उद्यापनाच्या दिवशी सात जणींचं हळदीकुंकू एकटीनं काढू नकोस. स्वयंपाकाच्या मावशींना जास्तीचे दोन तास थांबायला सांगितलं आहे. उपास धरणारच असशील तर बीपीची गोळी दुधाबरोबर तरी घे. पाठीसाठी पाठवलेलं गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर कपाटात जपून ठेवू नकोस, वापर. फेब्रुवारीत मी आले की पहिले दोन दिवस मला उठवायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या हातची आमटी-भात, बाकी काही मागणार नाही. थोडं भडंग लागेल, क्लबासाठी पण.

वकीलकाका आले की आईनं मला फोटो पाठवावा. बाबांचा, पिन लावलेला, काठीसकट.

तुमची,
मनू