गूळ विकला की आजोबांचे पैसे यायचे : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

साहेब, आमच्या शॉपच्या ऑफिसात आजोबांची उधारीची वही आहे. लाल कापडी बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. रकमेपुढे तारीख क्वचितच दिसते. बहुतेक नावांपुढे एकच शेरा: ‘सौदा झाल्यावर’. म्हणजे शेतकऱ्याचा गूळ कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत विकला गेला की तो ऊस गाळायच्या चरकाच्या गिअरचे पैसे देणार. कुणाचे महिन्यात आले, कुणाचे हंगाम संपल्यावर. बुडवणारेही दोन-चार असतील, पण वहीत खाडाखोड फार नाही.

मी त्यांचा नातू. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. ट्रॅक्टरला आणि पंपांना लागणारी कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, आम्ही ओततो, मशीनिंग करून देतो. कामगार चाळीसच्या आसपास. माझ्याही उधारीची यादी आहे, ती कॉम्प्युटरवर आहे, आणि आजोबांच्या वहीपेक्षा ती जास्त दिवसांची आहे. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आजोबा करवीर तालुक्यातल्या खेड्यातून कोल्हापुरात आले ते हातोडा धरायला. शाळा चौथीपर्यंत. यंत्राचं काम तेव्हा इथे मेस्त्रीच्या हाताखाली शिकत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही मंडळी अशीच हातानं शिकून मोठी झाली. पोवारांच्या नावाचं नगर शहरात आजही आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना मी नेहमी सांगतो, की आमच्या उद्योगाचं मूळ लोखंडात नाही, पाण्यात आहे. नदीकाठाला ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाला बाजार मिळाला. गुऱ्हाळाला चरक लागला, पुढे ऑइल इंजिन लागलं, आणि इंजिन बंद पडलं की ते मुंबईला कोण नेणार? मग इथल्याच मेस्त्र्यांनी ते उघडलं. दुरुस्ती करता करता सुटे भाग ओतायला शिकले, सुटे भाग ओतता ओतता अख्खं इंजिन करायला लागले. कोल्हापूरचं कारखान्यांचं उद्यमनगर असं उभं राहिलं.

उधारी तेव्हाही होती, पण ती कुणाला दिली जात होती ते पाहा. शेतकऱ्याच्या हातात पैसा हंगामातच येणार, हे आजोबांना कळत होतं, कारण त्यांचा सख्खा भाऊ शेतीच करत होता. गिऱ्हाईक पटायला वेळ लागायचा, हेही खरं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, त्याआधी बेळगावात केलेले त्यांचे पहिले लोखंडी नांगर खपायलाच दोन वर्षं गेली होती. लोखंडानं जमीन नासते असं लोक समजत. पण एकदा पटलं की पैशासाठी हेलपाटे नसत.

वडिलांनी सत्तरच्या दशकात शिरोलीत प्लॉट घेतला आणि क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी लोखंड वितळवायची भट्टी, उभा केला. आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची. फोंडा घाटातून कासार्ड्याची सिलिका वाळू यायची, कोक रेल्वेनं यायचा, आणि भट्टीच्या दिवशी वडील रात्री दहाच्या आत कधी घरी आले नाहीत. मध्ये चुलत्यांशी वाटणी झाली: पॅटर्न शॉप त्यांच्याकडे गेलं, भट्टी आमच्याकडे राहिली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, दोन्ही घरांची दिवाळी आता पुन्हा एकत्र होते. वडिलांचे गिऱ्हाईक म्हणजे इंजिन बनवणारे कारखाने. चेक महिन्या-दीड महिन्यात पोस्टानं यायचा.

माझ्या हातात कारभार आल्यावर क्युपोला गेला, विजेवरची इंडक्शन भट्टी आली, मग कर्ज काढून दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) घेतली. माल चांगला झाला, रिजेक्शन घटलं, गिऱ्हाईक मोठं झालं. आणि इथेच गंमत आहे, साहेब. गिऱ्हाईक जितकं मोठं, तितका पैसा उशिरा.

ते कसं होतं ते सांगतो. माल कंपनीच्या गेटवर आज पोचतो. पण तो ‘आवक’ म्हणून त्यांच्या सिस्टीमला चढतो आठ-दहा दिवसांनी. मग क्वालिटी होल्ड, म्हणजे तपासणीसाठी माल अडवलेला. मग बिल पुढच्या सायकलला. मग शंभर नगांतल्या दोन नगांसाठी डेबिट नोट, म्हणजे पैसे कापायची चिठ्ठी, येते आणि ती मिटेपर्यंत अख्खं बिल थांबतं. कागदावर आमची मुदत ४५ दिवस. हातात पैसे येतात १२० दिवसांनी. काही ठिकाणी लवकर पैसे हवे असतील तर बिल डिस्काउंट करून देतात, आणि त्याचं व्याज आमच्याच बिलातून कापतात.

आकडा सोपा करून मांडतो. महिन्याला ५० लाखांचा माल गेला आणि पैसे १२० दिवसांनी आले, तर कायम २ कोटी बाहेर अडकून. ४५ दिवसांनी आले असते तर ७५ लाख. फरक सव्वा कोटीचा. बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट कर्जावर) १० टक्के धरले तरी वर्षाला साडेबारा लाख व्याज, म्हणजे तीन-चार चांगल्या मशिनिस्टांचा वर्षाचा पगार. त्यात जीएसटी वेगळाच. कास्टिंगवर १८ टक्के. एप्रिलमध्ये माल गेला की २० मे ला तो सरकारजमा करायचा. कंपनीचे पैसे येणार ऑगस्टमध्ये. तोवर तो कर माझ्या खिशातून.

आजोबा गरीब शेतकऱ्याला उधार देत होते. मी शेअर बाजारात नाव असलेल्या कंपनीला बिनव्याजी उधार देतो, आणि त्यासाठी स्वतः व्याजानं पैसे काढतो.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याचं १५ वं कलम म्हणतं, करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असं धरायचं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. इतका कडक कायदा आमच्या बाजूनं दुसरा नसेल. २०२४ पासून प्राप्तिकरातही ४३बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरत नाहीत. परिणाम काय झाला, तर मार्चमध्ये पैसे धडाधड येतात. एप्रिलपासून पुन्हा जुनी चाल.

पण तक्रार करायची कुणी? तक्रारीवर नाव लागतं. आमचा निम्म्याहून जास्त माल एका कंपनीला जातो, त्यांच्याकडे आमचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक, आहे आणि तो कोड हीच आमची खरी मिळकत. काही वर्षांपूर्वी मी एका गिऱ्हाईकाला मेल केला. नम्रपणे, फक्त १५ व्या कलमाचा उल्लेख करून. कुणी रागावलं नाही, फोन नाही, उत्तर नाही. पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे मागणी, ४,००० नगांवरून १,२०० वर आलं. दोन महिन्यांनी मी त्यांच्या ऑफिसात गेलो, चहा घेतला, मेलचा विषय काढला नाही. शेड्यूल पूर्ववत झालं. वडील तेव्हा म्हणाले, ‘कायदा आपल्या बाजूनं आहे, पण गेट त्यांच्या बाजूनं आहे.’

तुम्ही म्हणाल, हा कायदा केंद्राचा आहे. मान्य. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे आणि ती फार मोठी आहे. सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आपल्या राज्यात चालते. मोठ्या प्रकल्पांना राज्य जीएसटीशी जोडलेलं अनुदान, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी असं बरंच काही त्यातून मिळतं. द्या, आमचा विरोध नाही. मोठा कारखाना आला की आमच्याकडे काम येतं. फक्त अनुदानाचा हप्ता सोडताना एक कागद मागा: या कंपनीनं गेल्या वर्षी राज्यातल्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले का? थकले असतील तर ते व्याजासह दिल्यावर हप्ता सोडा.

माहिती नव्यानं गोळा करायची गरज नाही. ४५ दिवसांच्या पुढे थकलेली देणी कंपन्यांना दर सहा महिन्यांनी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे कळवावीच लागतात. वार्षिक हिशेबातही ती दाखवायची, असं कायद्याचं २२ वं कलम सांगतं. तुमच्या खात्यानं एवढंच करायचं, की तो आकडा आणि अनुदानाची फाइल एकाच टेबलावर आणायची. कुणा पुरवठादाराला त्यासाठी तक्रार करावी लागत नाही, म्हणून कुणाचं शेड्यूल कापलं जाणार नाही. कंपन्या आकडा लपवतील अशी शंका येईल, तर त्यासाठी ऑडिटरची सही मागा. पोचीची तारीख गेटवरच्या नोंदीची धरायची, सिस्टीमला चढल्याची नाही, हेही त्यात घाला. नाहीतर सगळा घोळ तिथेच होईल.

दहा-बारा वर्षांपूर्वी विजेचे दर वाढले तेव्हा इथल्या उद्योजकांनी कर्नाटकात जायची भाषा उघडपणे केली होती. कागल ओलांडलं की हद्द लागते, अंतर काही नाही. मी तेव्हाही जाणार नव्हतो, आजही जाणार नाही. साचे करणारे मोल्डर, ओतीव भाग घासणारे फेटलर, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) करणाऱ्या बायका, सगळी याच गावांतली, भट्टी उचलून नेता येते, माणसं नाहीत. म्हणून धमकी म्हणून हे लिहीत नाही. पण माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली आहे, पुण्यात नोकरी करते, आणि गेल्या खंडेनवमीला पूजेसाठी आली तेव्हा मशीनवर फुलं वाहून झाल्यावर तिनं थकबाकीची यादी मागितली. बराच वेळ वाचत बसली. परत येशील का, असं मी तिला विचारलं नाही.

कधी कोल्हापूरला आलात तर शॉपला या. वही दाखवीन, यादीही दाखवीन.

आज २० तारीख आहे. गेल्या महिन्याच्या मालाचा जीएसटी भरायचा आहे, म्हणून इथेच थांबतो.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक फाउंड्रीवाला