पोत्यावरची प्रथिने माशांच्या अंगी लागली नाहीत : मत्स्यखाद्याबाबत तक्रार

दिनांक : ६ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग (मत्स्यखाद्य)

विषय : आपल्या २८ टक्के प्रथिनांच्या तरंगत्या खाद्याची पचनीयता असमाधानकारक असल्याबाबत, तसेच शिल्लक खाद्याची किंमत व नुकसानभरपाई मिळणेबाबत.

महोदय,

मी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, उजनी जलाशयाच्या फुगवट्यालगत, प्लास्टिक अस्तराच्या दोन शेततळ्यांत रोहू, कटला आणि मृगळ यांचे पालन करते. आमचे कुटुंब या व्यवसायावर चालते आणि तळ्यावरचे सगळे काम मी व माझे पती स्वतः करतो. आपल्या कंपनीचे ‘सुधारित पचन, जलद वाढ’ असे छापलेले खाद्य मी २८ जून २०२४ रोजी तालुक्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतले. २५ किलोची ६० पोती, दर पोत्याला १,६२५ रुपये, एकूण ९७,५०० रुपये. मी आधीपासून वापरत असलेले दुसऱ्या कंपनीचे खाद्य तितक्याच प्रथिनांचे असून पोत्यामागे २५० रुपयांनी स्वस्त आहे. तरीही आपले खाद्य घेतले, कारण पोत्यावर प्रोटिएज आणि फायटेज ही पाचक विकरे (एन्झाइम) घातल्याचे लिहिले होते आणि विक्रेत्याने ‘खाद्य कमी लागेल, मासा लवकर भरेल’ अशी खात्री दिली होती.

नवे खाद्य एकदम सगळ्या माशांना घालण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि आज वाटते की तेच बरे झाले. माझी दोन्ही तळी प्रत्येकी २० गुंठ्यांची आहेत, दोन्हींना एकाच विहिरीचे पाणी येते आणि दोन्हींत एकाच खेपेची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडलेली होती. ५ जुलै रोजी प्रत्येक तळ्यात १,८०० मासे होते आणि जाळे टाकून तोलले तेव्हा सरासरी वजन ११० ग्रॅम भरले. त्या दिवसापासून विहिरीकडच्या तळ्याला जुने खाद्य आणि बांधाकडच्या तळ्याला आपले खाद्य, असे १०५ दिवस चालवले. खाद्याच्या वेळा सारख्याच, सकाळी नऊ आणि दुपारी चार. पंधरा दिवसांनी दोन्ही तळ्यांतून साठ-साठ मासे काढून तोलायचे आणि त्यावरून पुढच्या पंधरवड्याचे खाद्य ठरवायचे, हा क्रम एकदाही चुकवला नाही. वहीच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

१८ ऑक्टोबर रोजी विहिरीकडच्या तळ्यातील माशाचे सरासरी वजन ४३० ग्रॅम होते, बांधाकडच्या तळ्यातील ३२५ ग्रॅम. मेलेले मासे वजा करून हिशेब केला तर जुन्या खाद्यावर ५६४ किलो वजन वाढले आणि त्यासाठी १,००० किलो खाद्य गेले, म्हणजे एक किलो वाढीला सुमारे १.८ किलो. आपल्या खाद्यावर ३४० किलो वाढले आणि ९५० किलो गेले, म्हणजे एक किलो वाढीला सुमारे २.८ किलो. पोत्यावर आपण १.३ चा आकडा छापला आहे. मला १.३ ची अपेक्षा नव्हती. शेततळ्यातील रोहूला तो आकडा कठीण आहे हे कुणीही अनुभवी मत्स्यशेतकरी सांगेल. पण महाग खाद्य घालून स्वस्त खाद्यापेक्षा कमी वाढ मिळावी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

वजनाच्याही आधी मला शंका आली ती तळ्याच्या कोपऱ्यावरून. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बांधाकडच्या तळ्यात वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात पांढुरक्या, लांब, दोऱ्यासारख्या विष्ठेचा थर जमू लागला. दुसऱ्या तळ्यात असे काही नव्हते. त्यानंतर मी दोन्ही तळ्यांतील दोन-दोन रोहू कापून पाहिले. रोहूचे आतडे लांबलचक आणि वेटोळ्यांचे असते; जुन्या खाद्यावरच्या माशात त्याच्या शेवटच्या भागातला माल काळपट आणि एकजीव झालेला होता, आपल्या खाद्यावरच्या माशात मात्र तिथेही फिकट तपकिरी, भरड कण बोटाला लागत होते. मग आपल्या खाद्याच्या मूठभर गोळ्या स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजत ठेवल्या, सकाळी त्या चुरून वस्त्रगाळ केल्या आणि फडक्यावर राहिलेला गाळ उन्हात वाळवला. त्यात केसांसारखे बारीक, ताठ तंतू होते. काही तंतूंना अगदी लहान फांद्या फुटल्यासारख्या दिसत होत्या. चिमूटभर तंतू काडीने पेटवले तर केस जळाल्याचा वास आला. कोंबडीची पिसे ज्याने हाताळली आहेत त्याला हा वास वेगळा सांगावा लागत नाही.

त्यानंतर मी एक बंद पोते पंचांसमक्ष फोडून त्याचा नमुना खासगी प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल सोबत आहे. त्यात कच्ची प्रथिने २७.६ टक्के आली आहेत. पोत्यावर २८ लिहिलेले असल्याने या बाबतीत माझी तक्रार नाही. परंतु ही चाचणी खाद्यातील नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढते. ते नत्र सोयाबीनचे की मासळीच्या भुकटीचे की पिसांचे, हे त्या आकड्याला कळत नाही. त्याच अहवालात सूक्ष्मदर्शकाखाली पिसांचे तुकडे आढळल्याची नोंद आहे आणि पेप्सिन पचनीयता, म्हणजे पेप्सिन या जठरातील विकराने पचणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण, ५८.४ टक्के आली आहे. पोत्यावरच्या घटकांच्या यादीत सोयाबीन पेंड, मासळीची भुकटी, गहू आणि भाताचा कोंडा एवढीच नावे आहेत. पिसांचा उल्लेख कुठेही नाही.

पिसांची भुकटी खाद्यात घालणे हाच गुन्हा आहे, असे मी म्हणत नाही. पिसे केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात, त्यात गंधकाचे घट्ट बंध असतात, आणि दाबाखालच्या वाफेत नीट शिजवून ते बंध तोडले तर त्या भुकटीचा बऱ्यापैकी उपयोग होतो. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या व्याख्येतही वाफवलेल्या पिसांच्या भुकटीतील किमान ७५ टक्के प्रथिने पेप्सिनने पचली पाहिजेत, अशी अट आहे. पण भुकटी कच्ची राहिली, तर ती प्रयोगशाळेत प्रथिन म्हणून मोजली जाते आणि माशाच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. शिवाय नीट शिजवलेल्या पिसांतही लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले कमीच असतात. ती वेगळी घालून तोल साधावा लागतो, नाहीतर पचलेले प्रथिनही मांस होण्याऐवजी जळून जाते आणि त्याचा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात येतो.

येथे आपल्या तंत्रज्ञांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रोहू, कटला, मृगळ या माशांना जठरच नसते. आम्ल आणि पेप्सिन यांनी प्रथिन आधी मऊ होण्याचा टप्पा त्यांच्याकडे नाही. आतड्यात ट्रिप्सिन आणि त्याच्या जोडीची विकरे जेवढे तोडतील तेवढेच त्यांचे. म्हणजे ५८.४ हा आकडासुद्धा माझ्या माशांना झुकते माप देणारा आहे, कारण तो ज्या पेप्सिनने काढला ते त्यांच्या पोटात नाही. तिलापियाचे जठर अतिशय आम्लधर्मी असते, त्यामुळे त्याच्यावर तपासलेले खाद्य रोहूवर तसेच उतरेल असे नाही. आपल्या पोत्यावर मात्र ‘सर्व गोड्या पाण्यातील माशांसाठी’ असे छापलेले आहे. त्यात माझी तळी अस्तराची. मातीच्या तळ्यात तळाच्या गाळातले किडे-अळ्या मृगळाला मिळतात आणि निकृष्ट खाद्य काही दिवस लपून जाते. अस्तराच्या तळ्यात तो आधार फारच थोडा, त्यामुळे तिथे खाद्याचा खरा गुण लवकर दिसतो.

विकरांच्या दाव्याबाबतही मला लेखी उत्तर हवे आहे. तरंगते खाद्य एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे पीठ दाबाखाली शिजवून गोळ्या पाडणाऱ्या यंत्रातून, शंभर अंशांपेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेवर काढले जाते. पिठातच मिसळलेले प्रोटिएज आणि फायटेज त्या उष्णतेत बहुतांशी निकामी होतात. म्हणून ही विकरे गोळी तयार होऊन निवल्यावर तेलासोबत वरून फवारायची असतात, किंवा उष्णता सोसणारी खास बनावट वापरायची असते. आपण कोणती पद्धत वापरता, किती मात्रा घालता आणि पोते बंद होताना त्यातली किती क्रिया शिल्लक असते, हे पोत्यावर नाही, पत्रकात नाही आणि आपल्या प्रतिनिधींनाही सांगता आले नाही.

आता सप्टेंबरच्या घटनेबद्दल, जी आठवली तरी अजून मन हलते. ११ सप्टेंबरच्या पहाटे बांधाकडच्या तळ्यातले मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर आले होते. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू होता. किटने तपासले तर अमोनिया १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि सामू (पीएच) ८.६ होता, विहिरीकडच्या तळ्यात अमोनिया ०.२५ होता. मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी ‘तळ्यात चुना टाका, पाणी साफ होईल’ असा सल्ला दिला. चुन्याने सामू वाढतो आणि सामू एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग कितीतरी पटींनी वाढतो. हे मला माहीत होते म्हणून मी चुना टाकला नाही, तीन दिवस खाद्य बंद ठेवले आणि विहिरीचे पाणी सोडून तळ्याचे पाणी बदलत राहिले. तरी त्या दोन रात्रींत ११२ मासे मेले. १०५ दिवसांत या तळ्यातून एकूण १४६ मेलेले मासे काढले, दुसऱ्या तळ्यातून २८. तो सल्ला ऐकला असता तर तळ्यात काय उरले असते, याचा विचार आपण जरूर करावा, कारण हाच क्रमांक दुसरा एखादा नवखा शेतकरीही फिरवत असेल.

तीन वेळा फोन केल्यावर २४ सप्टेंबर रोजी आपले क्षेत्र प्रतिनिधी आले. त्यांनी बांधावर उभे राहून मोबाइलवर छायाचित्रे काढली, पाण्याची तपासणी केली नाही, खाद्याचा नमुना घेतला नाही, वहीही उघडली नाही. ‘पाण्याचा दोष आहे’ असे सांगून ते गेले. दोन्ही तळ्यांना एकाच विहिरीचे पाणी येते, हे मी त्यांना विहिरीजवळ नेऊन दाखवू पाहत होते. ते थांबले नाहीत.

पाण्याचा दोष नाही याचा पुरावा तळ्यानेच दिला आहे. १९ ऑक्टोबरपासून मी बांधाकडच्या तळ्यालाही जुने खाद्य सुरू केले. पाणी तेच, मासे तेच, हात तेच. २ नोव्हेंबर रोजी तोलले तेव्हा सरासरी वजन ३२५ वरून ३७० ग्रॅम झाले होते, म्हणजे दिवसाला ३ ग्रॅमहून अधिक; आपल्या खाद्यावर तेच मासे दिवसाला जेमतेम २ ग्रॅम वाढत होते. कोपऱ्यातली पांढरी विष्ठाही दिसेनाशी झाली आहे.

त्यामुळे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. शिल्लक २२ बंद पोती परत नेऊन त्यांची किंमत ३५,७५० रुपये द्यावी. दोन तळ्यांच्या वाढीतील २२४ किलोच्या फरकाचे, तळ्यावरच्या १२० रुपये किलो या दराने, २६,८८० रुपये द्यावेत. मेलेल्या माशांचे नुकसान त्यातच धरले आहे, वेगळे मागत नाही. प्रयोगशाळेचे शुल्क ६,४०० रुपये. एकूण ६९,०३० रुपये. वापरलेल्या ३८ पोत्यांची किंमत मी मागितलेली नाही, कारण मासे त्यावर जगले आणि थोडे का होईना वाढले. खोटा हिशेब करून माझी बाजू मला मोठी करायची नाही. पैशांइतकेच महत्त्वाचे म्हणजे या खाद्याची रोहूवर घेतलेली पचनीयता चाचणी, क्रोमिक ऑक्साइडसारखा न पचणारा निदर्शक खाद्यात वापरून विष्ठा तपासलेली, असल्यास तिचा अहवाल मला द्यावा. अशी चाचणी झालीच नसेल, तर ‘सुधारित पचन’ हे शब्द पोत्यावरून काढावेत आणि पिसांचा उल्लेख घटकांच्या यादीत करावा. मत्स्यपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. पोत्यावरच्या चार ओळी वाचून माणूस आपले वर्षाचे भांडवल त्यात ओततो, आणि त्या ओळी खऱ्या असाव्यात एवढीच त्याची अपेक्षा असते.

२२ पोती मी कोरड्या खोलीत, लाकडी फळ्यांवर, बॅच क्रमांक दिसतील अशी रचून ठेवली आहेत. आपण १५ दिवसांच्या आत तंत्रज्ञ पाठवावा. त्याच्यासमोर नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद करू. एक आपला, एक माझा आणि एक दोघांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेचा. त्या मुदतीत उत्तर आले नाही, तर स्वतःच्या उपजीविकेसाठी व्यवसाय करणारी ग्राहक म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. येताना तंत्रज्ञाने सकाळी नऊच्या आत पोहोचावे, म्हणजे खाद्य टाकताना दोन्ही तळी त्याला शेजारी शेजारी पाहता येतील.

आपली विश्वासू,
मत्स्यशेतकरी व ग्राहक, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे

सोबत : खरेदीची पावती, वजन व खाद्याच्या नोंदवहीच्या प्रती, प्रयोगशाळेचा अहवाल, पोते फोडल्याचा पंचनामा, पोत्याची व तळ्याची छायाचित्रे.