बांध फोडून ये

प्रिय नामा,

रामराम.

हे पाकीट पाहून तू आधी ते उलटंपालटं करशील, कुणाचं लग्न की कुणाचा दहावा म्हणून. दोन्ही नाही. दिवाळीत तुझ्या एवढ्या लांब मेसेजला मी नुसते जोडलेले हात पाठवले, संक्रांतीला तेही नाहीत. राग आला असेल तर रास्त आहे. फोन लावला होता, पण तू सवयीनं "काय, पाऊसपाणी काय म्हणतंय?" विचारलंस आणि माझी वाचाच बसली. मग तुझ्या सोसायटीच्या लिफ्टचं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

आईचा गुडघा आहे तसाच आहे. माझी साखर बरी. पुढं.

तालुक्याच्या वाचनालयात येत्या रविवारी कार्यक्रम आहे, 'माती, शेती आणि भक्ती' असलं काहीतरी नाव आहे. बोलावलंय मला. चिटणीस घरी आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "सर, तुमची 'बांध फोडून ये' कविता झालीच पाहिजे. लोक त्याच्यासाठीच येतात." मी हो म्हणालो. दार लावलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसलो.

तुला हे समजावून सांगायची गरज नाही म्हणून तुलाच लिहितोय. 2016 चा एप्रिल आठवतो ना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आपण दोघं तुझ्या त्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर बसून टँकरचे हॉर्न ऐकत होतो आणि तू म्हणालास, "पाण्याला तिकीट लागलं रे." त्या रात्री ती कविता झाली. ये, दार ठोठावून नको, बांध फोडून ये. तेव्हा बांध फोडणं म्हणजे सुखाची परमावधी होती. ज्याच्या बांधावरून पाणी वाहतं, तो राजा.

आणि 2025 च्या सप्टेंबरात तो पाऊस आला. शब्दाला जागून आला. तेरणा नदी पात्र सोडून आमच्या खालच्या पट्टीत शिरली, बांध फोडला आणि निघताना माती घेऊन गेली. सोयाबीन गेलं त्याचं एवढं नाही नामा, सोयाबीन काय, एका सालचं. राहिलेल्या शेंगांना झाडावरच कोंब आले, हमीभाव क्विंटलला 5,328 असो की काही असो, विकायला दाणा तर पाहिजे. पण माती! बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे आपणच शाळेतल्या पोरांना शिकवायचो, प्रश्नोत्तरात दोन गुणांना. आजोबांनी बैलगाडीनं तलावातला गाळ आणून टाकलेली ती पट्टी. आता तिथं धोंडे दिसतात, खाली मुरूम. पंचनामा झाला. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत, असं जाहीर झालंय. कागद पुरे करतोय. अंगठा मशीनवर उमटत नाही, धोंडे उचलून रेषा गेल्यात म्हणतात. हसू नकोस.

तर आता मी माइकपुढं उभं राहून, समोर तेरणाकाठची माणसं बसलेली असताना, "बांध फोडून ये" म्हणू? कुणी मारणार नाही, उलट टाळ्या वाजवतील. त्याचीच भीती वाटते.

विचार करत गेलो तर वाटलं, आपली पावसावरची अख्खी कविता ही विनवणी आहे. पोरं त्याला खोटा पैसा दाखवून बोलावतात, म्हातारे "पडतील स्वाती तर पिकतील मोती" म्हणतात, बायका धोंडी काढून दारोदार पाणी मागतात. सगळं 'ये'. 'पुरे' म्हणणारी एक म्हण मला आठवेना. तुला आठवली तर कळव, तुझ्याकडं म्हणींचा साठा आहे, बहुतेक माझ्यावरच वापरलेल्या.

संत सावतोबांच्या अभंगांकडं गेलो. तू हसशील, कारण ते तुझे, माझे नव्हेत. वारकऱ्याच्या घरात तू जन्मलास, मी फक्त टाळ वाजतो तिथं भाकरी खायला यायचो. "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी." अरणचा हा माळी पंढरीला गेला नाही, मळ्यातच त्याला देव भेटला आणि पंढरपूरची पालखीच पुढं त्याच्या गावाला जायला लागली. लहानपणापासून ऐकतोय. पण या वर्षी पहिल्यांदा मनात आलं, मळा वाहून गेला असता तर? भाजी हीच विठाबाई असेल तर मग पुरात कोण गेलं? तू म्हणशील, असले प्रश्न विचारणाऱ्याला अभंग कळत नाही. असेल.

तुकोबांपाशी मात्र थांबलो. आपण "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं" कुठं वाचतो? वृक्षलागवडीच्या फलकावर, खाली जिवंत नसलेलं रोप. पण ज्यानं ते लिहिलं त्याच माणसानं "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" हेही लिहिलंय. 1630 चा तो दुष्काळ. एकाच माणसाची ही दोन्ही वाक्यं आहेत, आणि आपण एक भिंतीवर रंगवलं, दुसरं अभ्यासकांना देऊन टाकलं. ज्यानं बायको भुकेनं मरताना पाहिली त्यानं झाडाला सोयरा म्हणावं, हे आता कुठं माझ्या अंगावर यायला लागलंय. त्यानं दुष्काळ लपवला नाही आणि झाडही सोडलं नाही. मी काय केलं? पाऊस घेतला आणि बाकीचं खोडलं.

म्हणजे खोडलंस तू. ते येतंच पुढं.

आधी वेळ अमावस्येचं, रानात जाऊन पिकाची पूजा करायच्या आपल्या सणाचं, सांगतो. मी म्हटलं, यंदा येळवस नको. खालच्या पट्टीत पीकच नाही, कोप म्हणजे पूजेची खोपटी, ती कशाची आणि कुणासाठी घालायची? आई काही बोलली नाही. पहाटे उठून भज्जी लावली, उंडे केले, आंबील तर आदल्या रात्रीच घातली होती. वरच्या तुकड्यात थोडा हरभरा आहे, तिथं कडब्याची कोप घातली, पाच पांडवांचे दगड मांडले, पूजा झाली. "ओलगे ओलगे सालम पोलगे" करत मी पिकाला वेढा घालून आंबील शिंपडली आणि सुटलो म्हटलं. वळून बघतो तर आई आंबिलीची बिंदगी घेऊन खाली धोंड्यांत उतरलेली, गुडघा धरून. तिथंही शिंपडायला लागली. मी ओरडलो, "आई, तिथं काय पेरलंय?"

ती म्हणाली, "पेरलं न्हाई म्हणून उपाशी ठिवायचं का तिला?"

नामा, मी आयुष्यभर जी ओळ शोधली ती अशी धोंड्यात उभी राहून कुणी सहज बोलून जावं, याला काय म्हणायचं? रविवारी तीच वाचावी असं वाटतं. पण ती माझी नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या शेतात-जात्यावर म्हणत गेल्या, घरच्यांनी उतरून घेतलं आणि त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक झालं, त्यांच्या नावानं झालं. माझी आई एका वाक्याची कवयित्री, तिचं नाव कुठं घालू? आणि घातलं तर ती विचारणार, "पैशे मिळतेत का?"

शिवाय खरं सांगू? माझ्या मनात तिची ती माया नाही. मला त्या जमिनीवर नाही, पावसावर राग आहे. आईची ओळ वाचून मी तिच्या श्रद्धेच्या पदराआड लपेन आणि लोक म्हणतील, काय संस्कार!

आता ते खोडलेलं कडवं. तू नाकारशील, म्हणून पुरावे देतो. ती कविता मुळात चार कडव्यांची होती. 2014 च्या मार्चमधल्या गारपिटीत बाबांचा गहू आडवा झाला होता, ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं, म्हणून तिसऱ्या कडव्यात मी पावसाला झाडलं होतं. तू लाल पेन काढलंस. "माणसं पाण्याला तरसतायत आणि तू देवाला शिव्या घालतोस? शिव्यांनी पाऊस येत नाही." मी म्हटलं, जनाबाई विठोबाला "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हणते ते चालतं का? तू म्हणालास, "ती आधी त्याच्याबरोबर दळायला बसली होती. तू बसलायस का?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही, तू कडवं मारलंस आणि रात्रभर आपण बोललो नाही. सकाळी तूच पोहे आणलेस. बिनशेंगदाण्याचे, तेही लक्षात आहे.

तुझं ते वाक्य अजून छळतं, पण आता माझ्याजवळ उत्तर आहे. धोंडे वेचतोय मी. रोज सकाळी. दळण आणि धोंडे यांत फार फरक नसावा. एवढं केल्यावर भांडायचा हक्क मिळतो की नाही, हे तुझ्या बाबांना विचारून सांग.

बरं, धाकटीला पुण्यातच प्रवेश मिळाला हे थोरलीकडून कळलं, फार छान झालं, तिला माझ्याकडून शंभर रुपये दे, मी आल्यावर देतो. गोळ्या चुकवू नकोस. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, त्यांच्या हातची शेंगाचटणी संपली आहे एवढंच कळव.

कामाचं असं. ती निळी वही तुझ्याकडं आहे. "हरवली" म्हणू नकोस, मागच्या वेळी तुझ्या कपाटात कॅलेंडरांच्या खाली पाहिली आहे मी. त्यातलं ते पान काढ. मला एवढंच आठवतंय:

ये म्हटल्यावर येत नाहीस
जा म्हटल्यावर जात नाहीस
माझ्या मातीचा सातबारा

आणि पुढची ओळ जाते. काही केल्या येत नाही. नवीन जुळवून पाहिली, सगळ्या शहाण्या निघतात. तेव्हा बेचाळिशीतल्या रागानं जे लिहिलं होतं तेच हवंय. लाल शाईखालून वाचता आलं तर फोटो काढून पाठव, नाहीतर फोनवर वाचून दाखव, पण तुझी चाल लावू नकोस. शनिवार संध्याकाळपर्यंत. चारही कडवी म्हणणार आहे, नाहीतर एकही नाही.

तुझाच,
भगवान

ता. क. कार्यक्रमाला येणारच असशील तर एसटी थेट आहे, पहिल्या रांगेत मात्र बसू नकोस. तिसरं कडवं म्हणताना तुझं तोंड बघायची माझी तयारी नाही.