त्या शुक्रवारच्या फोनबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

मागच्या शुक्रवारी आईचा फोन आला तेव्हा मागून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. "कुठे आहेस गं?" तिने विचारलं आणि "ऑफिसच्या लोकांबरोबर जेवतेय," असं सांगून मी मोकळी झाले. खोटं बोलले. मी एकटी होते आणि बारमध्ये होते. फोनवर सांगितलं असतं तर बाबा पुढचं न ऐकताच गप्प झाले असते, म्हणून लिहितेय. आधी सगळं वाचा, मग रागवा.

घराजवळच्या गल्लीच्या टोकाला तो बार आहे. जेमतेम आठ टेबलं, पिवळसर दिवे, टीव्ही नाही. निम्मे लोक तिथे पिण्यापेक्षा बर्गर खायलाच येतात. मीही त्यासाठीच गेले होते.

आई, बर्गर म्हणजे पावात काहीतरी कोंबलेलं, हे तुझं मत मला पाठ आहे. पण त्या तव्यापुढच्या माणसाचं काम तू बघायला हवंस. खिम्याचा गोळा तो हलक्या हाताने वळतो, मळत अजिबात नाही. तवा चांगला तापला की गोळा टाकून लगेच उलथण्याने दाबतो आणि मग हात लावत नाही. मीठसुद्धा तव्यावर गेल्यानंतर, वरून. आधीच मीठ घालून मळलं तर खिमा चिकट होऊन रबरासारखा लागतो म्हणे. कडा तपकिरी, जाळीदार, कुरकुरीत होतात आणि चव असते ती त्या तपकिरी रंगात. १९१२ साली माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यामागची रासायनिक क्रिया मांडली. तू मात्र कुणाला न विचारता वर्षानुवर्षं म्हणत आलीस, "सारखं हलवू नकोस, जरा खाली लागू दे." पाव लोण्यावर भाजून घेतात, त्यामुळे रसाने त्याचा लगदा होत नाही. फ्राइज मात्र साधारण. बहुतेक वेळा गार.

बाबा, आता तुमच्या काळजीचा विषय. खोकल्याचं औषध देताना तुम्ही झाकण डोळ्यांसमोर धरून रेघ बघायचात, आठवतं? तिथली बारटेंडर तसंच मोजते. जिगर नावाचं दुतोंडी माप असतं. निग्रोनी नावाच्या कॉकटेलला जिन, कँपारी आणि गोड वर्मूथ अशा तीन दारू, प्रत्येकी ३० मिलिलिटर; थेंबभर इकडे-तिकडे नाही. लिंबाचा रस असेल तर शेकरमध्ये घालून जोरात हलवायचं, नुसती दारूच असेल तर लांब चमच्याने ढवळायचं. दोन्हींत बर्फ वितळून पाणी मिसळतं आणि ते मिसळायलाच हवं. मला आधी ती लबाडी वाटायची. पण १८०६ सालच्या एका अमेरिकी वृत्तपत्रात कॉकटेलची व्याख्या छापली होती ना, तीत दारू, साखर आणि बिटर्स म्हणजे थेंबभर घालायचा कडू अर्क, यांच्या जोडीला पाणीही आहे. मी एकच घेते, डायकिरी: रम, लिंबू, साखर. तेलकट घासावर तो आंबट घोट बरा लागतो. दुसरा मागवत नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. दुसऱ्यानंतर बर्गरची चवच कळत नाही.

खरं कारण वेगळंच आहे. एकटी बाई जेवायला बसली की बऱ्याच ठिकाणी आधी विचारतात, "अजून कोणी येणार आहे?" आणि मग दाराजवळचं नाहीतर मोरीजवळचं टेबल देतात. इथे पहिल्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. पाण्याचा ग्लास समोर आला आणि काउंटरवरची माझी पिशवी मला दिसेल अशी सरकवून ठेवली गेली. मी पुस्तक उघडलं. तासाभरात कोणी वळून पाहिलं नाही, आणि निघताना बारटेंडर म्हणाली, "नीट जा." दिवसभरात मला उद्देशून बोललेलं, कामाचं नसलेलं ते एकच वाक्य होतं. दर फोनला तुम्ही विचारता, "कोणी आहे ना गं तिथे बोलायला?" त्याचं उत्तर मला कधी धड देता आलं नाही. ते हे.

तुम्ही याल तेव्हा तिथे जायचं आहे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल मी आधीच सांगून ठेवलंय: दारू नाही आणि बिटर्सचे थेंबही नाहीत, कारण अंगोस्तुरा बिटर्समध्येही ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. लिंबू, आलं आणि सोडा घालून छान करून देते ती. संध्याकाळी लवकर गेलो तर गर्दी नसते. काउंटरजवळची स्टुलं फार उंच आहेत, आईच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. पण भिंतीलगत एक बाक आहे, पाठ टेकायला गादीसुद्धा आहे. परवा कोणी बघत नाही असं पाहून मी त्याची उंची मोजली. बरोबर दोन विती.

तुमची,
खोटं बोललेली मुलगी