बिलावर नुसते ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सेलूला (जि. परभणी) घरीच लग्नाच्या अल्बमचे डिझायनिंग आणि फोटो एडिटिंग करते. पाथरी, मानवत, जिंतूरचे फोटोग्राफर हार्ड डिस्क पाठवतात, मी शीट (अल्बमची पाने) तयार करून देते. तुळशीचे लग्न लागले की श्वास घ्यायला सवड नसते. ग्राफिक कार्ड (पीसीतला चित्रांची जड कामे उचलणारा भाग) हा वर्तमानपत्राचा विषय वाटणार नाही, पण आपल्या भागातल्या स्टुडिओवाल्यांचे कर्जाऊ पैसे त्यात वाया जाताना मी बघते आहे, म्हणून लिहिते.

२०२३ च्या दिवाळीत मी नवा पीसी जोडून घेतला. काम काय ते दुकानदाराला नीट सांगितले होते. ते म्हणाले, “ताई, चार जीबीचं कार्ड टाकतो, फोटोशॉप नुसतं पळेल.” पहिलेच काम हळदीचे आले. रात्रीचा मांडव, आयएसओ ६४००, म्हणजे अंधारामुळे कॅमेऱ्याची संवेदनशीलता खूप वाढवलेली. नवरीच्या गालावर हळदीपेक्षा नॉइजचे दाणेच जास्त. लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच वर्षी एप्रिलमध्ये डीनॉइजची, म्हणजे हे दाणे काढण्याची, नवी सोय आली होती, ती लावली. एका फोटोला अकरा मिनिटे! चाळीस फोटोंना रात्र पुरली नाही. सकाळी भाच्याने जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे फुकटचे सॉफ्टवेअर टाकून पाहिले, तर आत जीटी ७३० हे कार्ड, मेमरी डीडीआर३ या जुन्या, संथ प्रकारची. मॉडेल २०१४ सालचे. टायपिंगच्या किंवा हिशेबाच्या पीसीला ते चालते, माझ्या कामात मात्र सगळा भार प्रोसेसरच ओढत होता. बिल काढून पाहिले, त्यावर ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी’ एवढेच.

जीबीचा आकडा ऐकून आपण फसतो. नाव एक आणि माल दोन, असेही असते. जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर५ या वेगवान मेमरीत आले, पुढे डीडीआर४ मध्येही आले. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश. आरटीएक्स ३०६० बारा जीबीचे आहे आणि आठ जीबीचेही आहे. त्या आठवाल्यात मेमरी तर कमी आहेच, शिवाय तिची वाट १९२ ऐवजी १२८ बिटची, म्हणजे अरुंद.

मुळात कार्ड कशाला लागते हेच कुणी सांगत नाही. बारा बाय छत्तीस इंचाचे शीट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेलचे होते, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल, आणि त्यावर वीस-पंचवीस लेअर (एकावर एक थर). हे पेलते ते रॅम (पीसीची कामाची मेमरी) आणि एसएसडी (वेगवान डिस्क). सोळा जीबी रॅमवर अडकणाऱ्याने आधी बत्तीस करावी, कार्डाचे नंतर पाहावे. कार्डाचे खरे काम डीनॉइज, कॅमेरा रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली सुधारणे), लिक्विफाय (फोटोतला आकार बदलणे) अशा ठिकाणी. माझ्या मते अल्बमच्या कामाला आठ जीबीचे अलीकडचे कार्ड भरपूर झाले. मी पुढे बारा जीबीचे ३०६० घेतले. तसल्याच फोटोला आता वीस सेकंद लागतात. मात्र ते १७० वॉट ओढते. कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) काढून ५५० वॉटचा चांगला बसवावा लागला, तो खर्च आधीच धरून चालावे.

आणि रंग! “कार्ड बदला मॅडम, कलर भारी येतील,” हे मी तीन दुकानांत ऐकले. एका नवरीची वांगी रंगाची पैठणी माझ्या स्क्रीनवर वांगीच दिसत होती, छापून आली तर जवळजवळ निळी. तिच्या आईने शीटवर बोट ठेवून विचारले, “ही आमची साडी आहे का?” मला उत्तर देता आले नाही. पैठण आपल्या शेजारी, आणि पैठणीचाच रंग आपल्याकडून बिघडावा, हे फार लागले. दोष मॉनिटरचा होता. पूर्ण एसआरजीबी (रंगांची ठरलेली श्रेणी) दाखवणारा आयपीएस (रंग नीट दाखवणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर घेऊन त्याचे कॅलिब्रेशन (रंग मापून जुळवणे) करून घेतले, तेव्हा रंग जुळले. फोटोशॉपमध्ये दहा बिट रंगासाठी (म्हणजे जास्त बारीक छटांसाठी) एनव्हीडिया कंपनीचे महागडे क्वाड्रो कार्डच हवे, असेही सांगतात. एनव्हीडियाच्या स्टुडिओ ड्रायव्हरमुळे २०१९ पासून त्यांच्या साध्या जीफोर्स कार्डांवरही ते मिळते.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांनी जास्तच जपावे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डे सतत चालवून चलन मिळवणे) बंद झाले आणि रात्रंदिवस तापलेली कार्डे बाजारात आली. वर पुसून चकचकीत केलेले कार्ड आत किती थकले आहे, ते आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कळते. जुनी कार्डे नव्या नावाने विकण्याचेही प्रकार होतात. जीपीयू-झेड अशा कार्डापुढे ‘फेक’ लिहून दाखवते, म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच ते चालवून बघावे.

माझी मागणी साधी आहे. दुकानदारांनी कोटेशनवर आणि बिलावर कार्डाचे पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि सिरियल नंबर लिहून द्यावा, आणि आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा. लिहिले एक आणि दिले दुसरे, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण बिलावर ‘४ जीबी’ लिहिले आणि कार्डही चार जीबीचेच निघाले, तर तक्रार कशाची करायची? माझे नेमके तेच झाले.

आपली,
एक अल्बम डिझायनर, सेलू