‘ले व्हांपीर’ हा भुताखेतांचा चित्रपट नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मूकपटांच्या काळातील भयपटांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात लुई फोयाद या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ले व्हांपीर’ची गणना रक्तपिपासू पिशाच्चांच्या चित्रपटांत केलेली आहे. ‘व्हांपीर’ म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च, तेव्हा नावावरून असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने दहा भागांची ही मालिका पाहिली आहे त्याला तो पटणार नाही, कारण तीत पिशाच्च औषधालाही नाही. ‘व्हांपीर’ हे पॅरिसमधील एका गुन्हेगार टोळीचे नाव आहे आणि तिच्या मागावर असलेला नायक फिलिप गेरांद हा पोलीसही नाही आणि खासगी गुप्तहेरही नाही. तो ‘ल मोंदियाल’ नावाच्या दैनिकाचा बातमीदार आहे. वृत्तपत्रानेच आपल्या व्यवसायबंधूला विसरावे याची गंमत वाटली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गोमाँ कंपनीची ही मालिका नोव्हेंबर १९१५ ते जून १९१६ या काळात, म्हणजे पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, पॅरिसच्या चित्रपटगृहांत भागाभागाने दाखवली गेली. पहिल्याच प्रसंगात गेरांद कचेरीत येतो, टेबलाचा खण उघडतो आणि टोळीविषयी जमवलेली कागदपत्रे चोरीला गेल्याचे त्याच्या लक्षात येते. चोर निघतो त्याच कचेरीतला माझामेत. पदरी तीन मुले असल्याचे तो काकुळतीने सांगतो, तेव्हा गेरांद त्याला पोलिसांच्या हवाली न करता क्षमा करतो, आणि हाच माणूस पुढे त्याचा सर्वांत विश्वासू साथीदार ठरतो. मार्सेल लेव्हेस्क यांनी रंगवलेला हा माझामेत मधूनच थेट प्रेक्षकांकडे पाहतो तेव्हा आपल्याकडच्या तमाशातला सोंगाड्या आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्या लेखकाने इर्मा व्हेपला ‘पिशाच्चिणी’ म्हटले आहे. म्युझिदोरा या अभिनेत्रीने अंगाबरोबर बसणाऱ्या काळ्या पोशाखात साकारलेली ही व्यक्तिरेखा टोळीची सदस्य आहे, हाडामांसाची चोरटी आहे. तिच्या नावाची रोमन अक्षरे वेगळ्या क्रमाने लावली की ‘व्हांपीर’ हा शब्द तयार होतो, आणि तिसऱ्या भागात एका कॅबरेबाहेरच्या फलकावर ती अक्षरे आपली जागा बदलताना गेरांदला, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही, दिसतात. ‘पिशाच्च’ एवढेच, अक्षरांपुरते.

मला मात्र या मालिकेत अधिक लक्षणीय वाटतो तो सूडाचा मार्ग. बातमीदार आपला माग सोडत नाही असे दिसल्यावर टोळी त्याच्यावरच हल्ला करून थांबत नाही, ती त्याच्या घरात शिरते. दुसऱ्या भागात त्याची वाग्दत्त वधू असलेल्या नर्तिकेला विषारी अंगठीने मारले जाते, तिसऱ्यात त्याच्या आईचे अपहरण होते आणि शेवटच्या भागात त्याची पत्नी जेन हिला पळवून नेले जाते. टोळीचे म्होरके एकामागून एक बदलत जातात, पण वैर तसेच राहते. तरीही सुटकेचे श्रेय प्रत्येक वेळी नायकाला मिळत नाही. आई आपल्या पहारेकऱ्याला विषारी लेखणीने संपवून स्वतःची सुटका करून घेते (बातमीदाराच्या आईच्या हाती लेखणीच यावी!) आणि अखेरीस इर्मा व्हेपला गोळी घालते ती जेन. गेरांदचे काम करणारे एदुआर माते यांचा संयत, काहीसा थंड वावर काही समीक्षकांना कंटाळवाणा वाटतो; मला तो बातमीदाराला साजेसाच वाटला.

हे कथानक हवेतून आलेले नव्हते. १९११-१२ मध्ये बोनो टोळीने मोटारीतून दरोडे घालून पॅरिसला हादरवले होते, आणि तिचा म्होरक्या ज्यूल बोनो एकदा पिस्तूल घेऊन ‘ल पती पारिझियँ’ या वृत्तपत्राच्या कचेरीत गेला होता, तो आपल्याविषयीच्या बातम्यांबद्दल तक्रार करण्यासाठी! अशा आठवणी ताज्या असलेल्या शहरात गुन्हेगार आणि बातमीदार समोरासमोर उभे करणे फोयाद यांना अवघड गेले नसेल. शिवाय चित्रपटांत येण्यापूर्वी त्यांनी स्वतः काही काळ वृत्तपत्रांसाठी लेखन केले होते. गुन्हेगारीचे उदात्तीकरण होते या आक्षेपावरून पॅरिसच्या पोलीसप्रमुखांनी मालिकेच्या प्रदर्शनावर तात्पुरती बंदीही घातली. पुढच्या ‘ज्युदेक्स’ या मालिकेत फोयाद यांनी सूड घेणाऱ्यालाच नायक केले आणि तो सूड न्यायाच्या बाजूने वळवला, यामागे या टीकेचा हात असावा असे मानले जाते.

पुण्यातील एका चित्रपट मंडळात आम्ही काही जणांनी ही मालिका चार रात्रींत पाहिली. सगळे भाग मिळून जवळपास सात तासांचा ऐवज होतो; दुसरा भाग जेमतेम पाव तासाचा, तर काही भाग तासाच्या आसपासचे. त्यातील रिकामे रस्ते, छपरांवरून सरपटणाऱ्या काळ्या आकृत्या आणि नेहमीच्या दिवाणखान्यातील भिंतीतून निघणारी गुप्त दारे यांमुळे भीती वाटते हे खरे, आणि आपल्या लेखकाची गफलत कदाचित तिथेच झाली असावी. लेखमालेच्या पुढच्या भागात ही दुरुस्ती छापावी, आणि शक्य झाल्यास गेरांदचे एखादे छायाचित्रही द्यावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे